वकिलानं संस्थेत काम करायचं, पण वकील म्हणून नाही

एका जिल्हा न्यायालयात सात वर्षं वकिली करणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलं आहे: गावातल्या एका सेवाभावी संस्थेच्या वसतिगृहात सुट्टीच्या दिवशी काम करायचं आहे. मुलांना गणित शिकवावं, कोठीचा हिशेब लावून द्यावा, कधी त्यांच्याबरोबर खेळावं, एवढीच इच्छा आहे. कोर्टाचं काम नको, ते आठवडाभर असतंच. पण संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, "वकीलसाहेब, तुम्ही कमिटीतच या, म्हणजे आमचे कागदही बघून होतील." तर बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम आड येतो का, विश्वस्त व्हावं का, आणि कागद बघायला नाही कसं म्हणायचं?

तिन्ही उत्तरं आधी थोडक्यात सांगते. स्वयंसेवक म्हणून काम करायला कोणताही नियम आड येत नाही. विश्वस्त व्हायची घाई करू नका. आणि कागद बघायला नाही म्हणा, पण ते पहिल्याच भेटीत म्हणा. सहा महिने कागद बघून मग म्हटलेलं 'नाही' संस्थेला फार लागतं. मी पुण्यात दिवाणी दावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली कामं करते, आणि बऱ्याच वर्षांपासून अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून देते. संस्थांच्या भांडणात वकील म्हणून उभी राहिले आहे आणि संस्थेच्या सतरंजीवर स्वयंसेवक म्हणूनही बसले आहे. या दोन जागांची सरमिसळ झाली की संस्थेचं, तिथल्या मुलांचं आणि वकिलाचं, तिघांचंही नुकसान होतं हे पुन्हापुन्हा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या नियमांची धास्ती घेतली जाते ते बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतले ४७ ते ५२ क्रमांकाचे नियम. ४७वा सांगतो की वकिलानं स्वतः धंदा करू नये. ४९वा सांगतो की वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं डॉ. हनिराज चुलानी यांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांना डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद हवी होती, आपल्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलनं ती नाकारली होती, आणि न्यायालयानं बार कौन्सिलची बाजू उचलून धरली. बार रूममध्ये हा निकाल 'वकिलाला दुसरं काहीही करता येत नाही' अशा अर्थानं सांगितला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. तो निकाल दुसऱ्या व्यवसायाबद्दल आहे, आणि रविवारी मुलांना अपूर्णांक शिकवणं हा व्यवसाय नाही. उलट ५१व्या नियमात कायद्याचे आणि कायद्याबाहेरचेही विषय शिकवायला, व्याख्यानं द्यायला, पत्रकारिता करायला मोकळीक दिली आहे. जाहिरात आणि पूर्णवेळ नोकरी यांवरचे निर्बंध तेवढे पाळायचे.

पैशाच्या बाबतीत मात्र जपून राहा. एसटीचं भाडं, खडू-वह्यांचा खर्च संस्थेनं दिला तर खुशाल घ्या आणि व्हाउचरवर सही करा. दरमहा मानधनावर 'प्रकल्प समन्वयक' व्हा असं कोणी म्हणालं तर थांबा. अर्धवेळ नोकरीला ५२व्या नियमाखाली बार कौन्सिलची संमती लागते, आणि पूर्णवेळ काम पत्करायचं असेल तर वकिली बंद ठेवावी लागेल.

एखादे ज्येष्ठ वकील तुम्हाला वेगळंच सांगतील. गणित कोणीही शिकवेल, कायदा फक्त तुम्हाला येतो, मग संस्थेला कायद्याचीच मदत का करत नाही? या म्हणण्यात वजन आहे. नियमावलीतला ४६वा नियम गरिबाला आपल्या ऐपतीप्रमाणे मोफत कायदेशीर मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानतो, आणि मीही तेच मानते. पण त्या कर्तव्यासाठी वेगळी जागा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव द्या, वर्षातून काही कामं फी न घेता चालवा, आणि ती पूर्ण वकिली शिस्तीनं चालवा: वकीलपत्र, फाइल, तारखांची डायरी. वसतिगृहातला रविवार त्यात घुसडू नका. कायदा येतो म्हणून माणसानं बाकी काही देऊच नये, हे मला पटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा ते नुकतीच बॅरिस्टरी सुरू केलेले वकील होते आणि सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड हेही नामांकित वकील. त्या सभेनं पहिल्या वर्षभरातच हाती घेतलेल्या कामांपैकी एक होतं सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह. मुलांच्या राहण्याजेवणाची सोय ही वकिलांना हलकी वाटली नव्हती. बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि सफाई कामगारांचं दुःख समजावं म्हणून त्यांनी स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या.

आता कमिटीबद्दल. खरी गुंतागुंत इथे आहे. नियमावलीतला ८वा नियम फारसा कोणी वाचत नाही. ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे त्या संस्थेच्या बाजूनं किंवा विरुद्ध त्यानं कोणत्याही न्यायालयात, न्यायाधिकरणात किंवा इतर प्राधिकरणापुढे उभं राहायचं नाही. मंडळाला नाव काहीही असो, विश्वस्त मंडळ, व्यवस्थापन समिती, संचालक मंडळ. ज्यांच्या हाती संस्थेचा एकूण कारभार, ते सगळे यात आले. फी न घेता उभं राहण्याची सवलत आहे, पण ती बार कौन्सिल, विधिज्ञांची नोंदणीकृत सोसायटी आणि बार असोसिएशन यांच्यापुरती. वसतिगृहाला ती लागू नाही. म्हणजे 'मी तर एक पैसाही घेतला नाही' हे इथे उत्तर होत नाही.

आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावांत सर्रास चाललंय काय? वकीलच विश्वस्त, तोच चेंज रिपोर्ट (विश्वस्त, पत्ता वगैरे बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) लिहितो आणि तोच कोट-बँड घालून सहायक धर्मादाय आयुक्तांपुढे उभा राहतो. सगळे एकविचारानं असतात तोवर कोणी ब्र काढत नाही. मंडळात दोन गट पडले की समोरच्या गटाचा पहिला अर्ज याच मुद्द्यावर येतो, आणि मूळ वाद बाजूला राहून सहा-आठ तारखा वकिलाच्या पात्रतेवर जातात. तोवर बँक खातं अडकलेलं, अनुदानाचा प्रस्ताव अडकलेला, आणि किराणा दुकानदार वसतिगृहाला उधार द्यायला नाखूश. तेव्हा अध्यक्षांना हे सरळ सांगा की तुम्हाला कमिटीत घेतलं तर संस्था एक वकील मिळवत नाही, गमावते. बहुतेकांना हे माहीतच नसतं, आणि कळलं की आग्रह आपोआप कमी होतो.

दुसरं असं की विश्वस्तपद म्हणजे थोडा जास्त मान असलेलं स्वयंसेवकपण नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० विश्वस्ताकडून बरंच काही मागतो. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मिळकत वाढली की ९० दिवसांत २२व्या कलमाखाली बदल कळवायचा. ३१ मार्चला हिशेब बंद झाले की सहा महिन्यांत ऑडिट. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय कर्ज नाही, स्थावर मिळकतीची विक्री नाही. हिशेब देण्यात वारंवार कसूर झाली, कर्तव्यात सतत हयगय झाली, तर ४१ड कलमाखाली निलंबन किंवा बडतर्फीपर्यंत गोष्ट जाते. चौकशीत बाकीचे विश्वस्त 'आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला काय कळतं' म्हणून हात वर करतात आणि सगळे वकील-विश्वस्ताकडे बघतात. त्याला तसं म्हणायची सोय नसते.

तरीही पुढेमागे विश्वस्त व्हावंसं वाटलं तर होकारापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या. एक, धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल वनचा, म्हणजे संस्थेची नोंद असलेल्या नोंदवहीचा, ताजा उतारा. त्यावर आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का ते पाहा. कैक संस्थांच्या उताऱ्यावर केव्हाच वारलेल्या मंडळींची नावं तशीच असतात, आणि प्रत्यक्षात कारभार करणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नसतं. मधले सगळे चेंज रिपोर्ट एक तर दाखलच झालेले नसतात किंवा निर्णयाविना पडून असतात. दोन, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. आकड्यांआधी ऑडिटरचे शेरे वाचा. तीन, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्तांची वही. सलग वर्षभराची इतिवृत्तं एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसली आणि प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर' असला, तर सभा खरंच होतात का हे विचारा. नोंदणी कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालच्या ना-नफा कंपनीची असेल तर बार कौन्सिलचा ४८वा नियम बघा: संचालक होता येतं, पण कार्यकारी स्वरूपाची कामं अंगावर घेता येत नाहीत, आणि व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सचिव तर नाहीच नाही.

कागदांबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर एका प्रसंगानं देते. एका संस्थेत वाचनाला जात असताना ऑफिसच्या टेबलावर मोबाइल टॉवरचा करारनामा ठेवलेला दिसला. गच्चीवर टॉवर, मुदत पंधरा वर्षं, भाडं चांगलं. सचिव आनंदात होते आणि तो आनंद साहजिक होता, कारण त्या भाड्यात मेसचा मोठा खर्च निघाला असता. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ३६व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते; शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. मंजुरी नसेल तर व्यवहार टिकत नाही. मी सचिवांना म्हटलं, "साहेब, आज सही करू नका. याला धर्मादायची परवानगी लागेल असं दिसतंय. तुमच्या वकिलांना हा कागद दाखवा." आणि संध्याकाळी हेच ईमेलवर लिहून पाठवलं, मी तिथे वाचक म्हणून येते आणि हा कायदेशीर सल्ला समजू नये या उल्लेखासह. करार मी दुरुस्त करून दिला नाही, अर्जाचा मसुदा केला नाही, त्यांच्या वकिलांनी सांगितलेल्यावर दुसरं मत दिलं नाही.

डोळ्यांसमोर खड्डा दिसत असताना गप्प बसावं असं मी म्हणत नाही. खड्डा दाखवा, तो बुजवायचं काम ज्याच्याकडे वकीलपत्र आहे त्याचं. यामागे कारण आहे. टेबलाशी उभं राहून दिलेल्या सल्ल्याला फाइल नसते, पूर्ण कागद पाहिलेले नसतात, विरुद्ध हितसंबंध तपासलेले नसतात. उद्या तो सल्ला चुकला तर 'वकीलसाहेबांनी सांगितलं होतं' एवढंच उरतं, आणि तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

याहून नाजूक बाब गोपनीयतेची. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या १३२व्या कलमानं, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या १२६व्या कलमाच्या जागी आलेल्या तरतुदीनं, अशिलानं वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण दिलं आहे. पण ते त्या व्यावसायिक नात्यातल्या आणि त्या कामासाठी झालेल्या बोलण्याला. वसतिगृहाच्या व्हरांड्यात स्वयंपाकाच्या मावशी तुमच्याकडे मन मोकळं करतात, तेव्हा त्यांना वाटतं की वकिलाला सांगितलं म्हणजे ते कुठे जाणार नाही. कायदा तसं मानेलच असं नाही. म्हणून कोणी "मॅडम, एक विचारू का, माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं..." अशी सुरुवात केली की मी हात धरून थांबवते आणि म्हणते, "ताई, इथे मी वाचायला येते. हे नीट बसून, कागद घेऊन बोलायचं काम आहे. तुमची बहीण विधी सेवा प्राधिकरणात गेली तर तिला वकील फुकट मिळेल." १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाखाली प्रत्येक स्त्रीला, मुलाला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आपल्या बऱ्याच सुशिक्षित मंडळींनाही ठाऊक नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. तो मी चिठ्ठीवर लिहून देते, आणि शक्य असेल तर त्या बाईबरोबर त्या ऑफिसपर्यंत जातेही. जाते ती मैत्रीण म्हणून.

तुम्ही मुलांमध्ये काम करणार आहात, म्हणून हे वेगळं आणि ठासून सांगते. पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमाखाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या, किंवा तसं घडण्याची शक्यता वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा २१व्या कलमाखाली गुन्हा आहे. एखाद्या मुलानं गणिताच्या वहीआडून तुम्हाला काही सांगितलं, तर 'मी वकील आहे, माझ्यावर गुप्ततेचं बंधन आहे' हा विचार मनात येऊ देऊ नका. तो मुलगा तुमचा अशील नाही. संस्थेची बदनामी होईल म्हणून 'आधी आपसात बघू' असं कोणी म्हणालं तरी थांबू नका. आणि त्या मुलाला 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. मी मुलांना म्हणते, "तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता तुला मदत करतील अशा लोकांना हे सांगावं लागेल, आणि मी तुझ्याबरोबर असेन." संस्थेत पाऊल टाकण्याआधीच विचारून ठेवा की अशा वेळी कोणाला कळवायचं, बालकल्याण समितीशी संपर्क कोणाचा आहे, आणि भिंतीवर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक लिहिलेला आहे का. ही विचारपूस कोणत्याही जबाबदार स्वयंसेवकानं करावी, त्याला सनद लागत नाही.

पुढेमागे संस्थेत काही घडलं आणि तुम्ही तिथे हजर असाल तर तुम्ही साक्षीदार आहात. ज्या कामात आपल्याला साक्ष द्यावी लागेल असं वाटतं ते वकिलानं घेऊ नये, हा नियम १३. मग संस्थेनं कितीही गळ घातली तरी ते प्रकरण तुमचं नाही.

जाहिरातीचं थोडक्यात. बार कौन्सिलचा ३६वा नियम वकिलाला काम मागू देत नाही, आणि पाटीवर किंवा लेटरहेडवर कोणत्याही संस्थेशी असलेला संबंध लिहू देत नाही. तेव्हा चेंबरच्या पाटीवर 'अमुक वसतिगृहाचे मार्गदर्शक' नको. संस्थेच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर तुमचा कोटातला फोटो आणि नावापुढे 'ॲड.' असेल तर तो काढायला सांगा. पालकांकडून कामं घेऊ नका, फी लावूनही नको आणि सवलतीतही नको. एकदा घेतलं की बाकीच्या पालकांना वाटू लागतं की मुलाकडे नीट लक्ष हवं असेल तर काम यांनाच द्यावं.

एवढं सगळं 'करू नका' वाचून दबून जाऊ नका, कारण काम सुरू झालं की यातलं बहुतेक आपोआप अंगवळणी पडतं, आणि काम फार आनंदाचं आहे. माझ्या वाचनाचं सांगते. मराठी माध्यमातल्या अंध विद्यार्थ्यांची अडचण अशी की बरीच जुनी पुस्तकं नुसत्या चित्ररूप स्कॅनमध्ये किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, आणि त्यांचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, ती वाचू शकत नाही. म्हणून माणसानं वाचून रेकॉर्ड करावं लागतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाही याला मोकळीक देतो. वाचण्याची एक पद्धत आहे: आधी धड्याचं नाव, प्रत्येक पान उलटताना पृष्ठक्रमांक, तक्ता आला की आधी स्तंभांची शीर्षकं आणि मग एकेक ओळ, अनोळखी नाव आलं की त्यातली अक्षरं सुटी करून. नाटकी चढउतार नकोत, कारण मुलं दुप्पट वेगानं ऐकतात आणि चढउतारानं शब्द तुटतात. वकील मंडळींना एक खोड असते, लांब परिच्छेद आला की त्याचं सार सांगून पुढे जायचं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मला म्हणाला होता, "मॅडम, पुस्तकात आहे तेच वाचा. सार मी काढीन." कोर्टात दिवसभर आपण दुसऱ्याच्या वतीनं बोलत असतो. इथे तसं बोलायचं नसतं, आणि मला स्वतःला ते फार मोकळं करणारं वाटतं.

वकील स्वयंसेवकांना बऱ्याचदा परीक्षेचा रायटर व्हायचं असतं. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणतो तेव्हा तो त्याच्यापेक्षा कमी शिकलेला असावा, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, त्यामुळे पदवीच्या परीक्षेला आपण चालत नाही. त्याऐवजी ओळखीतल्या बारावीच्या मुलांना त्यासाठी तयार करणं, परीक्षेच्या दिवशी त्यांना वेळेवर पोचवणं, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो आहे ना हे केंद्रावर नम्रपणे विचारणं, ही कामं असतात. ती कोणी मागत नाही आणि त्यांच्यावाचून अडतं फार.

वेळेचं गणित आधीच मांडा. कोर्टाला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, तेवढाच भरवशाचा दिवस धरा. बाकी दिवस बोर्डावर, म्हणजे त्या दिवशी लागलेल्या कामांच्या यादीवर, अवलंबून, त्यांचा शब्द देऊ नका. पुरावा चालू असलेल्या दाव्यासाठी आपण मुदत मागू शकतो. खिडकीशी वही घेऊन बसलेल्या सातवीतल्या मुलाकडे मुदत मागता येत नाही. महिन्यातून दोनदाच जमत असेल तर दोनदाच सांगा, पण ते दोन्ही दिवस पाळा. आणखी एक अडचण: संस्थांना माणसांची सगळ्यात जास्त गरज परीक्षांच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा आपली कोर्टं भरात असतात, आपल्याला मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा वसतिगृहं रिकामी. हे अध्यक्षांना आधीच सांगा आणि मे महिना कोठीची यादी, ग्रंथालयाची मांडणी, पुढच्या वर्षाची पुस्तकं मिळवणं अशा कामांसाठी द्या.

पहिल्या भेटीत अध्यक्षांना म्हणा, "मी दर महिन्याला दोन शनिवार मुलांसाठी येईन. कमिटीत येणार नाही, कारण नियम तसा आहे आणि त्यात तुमचंच हित आहे. कागदांसाठी मी तुम्हाला दोन चांगल्या वकिलांची नावं देतो, त्यातलं एक तुम्ही निवडा." नावं खरंच द्या, आणि ती आपल्याच ज्युनिअरची किंवा चेंबरमधल्यांची नसू देत. मग तुम्ही स्वयंसेवक म्हणून काय करणार एवढं लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र संस्थेकडून घ्या. त्यानंतर अध्यक्षांना सोडा आणि अधीक्षकांना भेटा. कोणत्या तासाला माणूस कमी पडतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. बहुधा संध्याकाळी सहा ते आठ, अभ्यासाची वेळ, असंच उत्तर येईल. तुमचं गणित चांगलं असेल तर आठवी-नववीपासून सुरू करा. बीजगणितात अडून बसलेली चार-पाच मुलं प्रत्येक वसतिगृहात असतात, आणि शिकवणीचे पैसे त्यांच्या घरी नसतात.